तोंडातली ‘ती’ हरवली तेव्हा

मी बाई आहे, याचा मला कधीच विसर पडला नव्हता. तरी तोंड उघडलं की ‘मी आलो’, ‘मी जेवलो’, ‘मी झोपलो होतो’ असंच बाहेर पडायचं. आमच्याकडे बाया ‘मी आली’ म्हणतात, पुस्तकात ‘मी आले’ असतं. मी शिक्षिका, मला दोन्ही येत होती. आजारानंतर दोन्ही गेली.

तुमच्या घरात एखादं माणूस मोठ्या तापातून उठून असं काही बोलू लागलं असेल, तर त्या घरासाठी मी हे लिहिते आहे. औषधांचं मला काही कळत नाही, ते डॉक्टरांना विचारा. लिहिताना मी अजूनही चुकते. एक ओळ लिहिते, मोठ्यानं वाचते, कानाला खटकलं की खोडते. कान पहिल्यापासून शाबूत राहिले. त्याचं सुख किती आणि दुःख किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ताप

गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. भामरागडच्या पलीकडे एका आश्रमशाळेवर मी चार वर्षांपासून होते. माझे यजमान नागभीडला रेल्वेत पॉइंट्समन. आमची एकुलती एक मुलगी सुजाता, तेव्हा सात वर्षांची, नागभीडलाच आजीजवळ राहून शाळेत जायची. मी दिवाळीला आणि उन्हाळ्यात घरी. बदलीचे अर्ज दर वर्षी करायचे आणि दर वर्षी परत त्याच गावी हजर व्हायचं.

त्या श्रावणात पर्लकोटा नदीचं पाणी आठ दिवस उतरलं नव्हतं. रस्ता बंद. शाळेतली निम्मी मुलं तापानं पडली होती. गोळ्या होत्या तेवढ्या मी मुलांना दिल्या आणि स्वतःला कणकण आली तेव्हा ‘उद्या बघू’ म्हणाले. ही चूक माझी. चौथ्या दिवशी फळ्यावर वार लिहिताना हातातला खडू पडला. तो उचलायला वाकले, तिथून पुढचं मला काही आठवत नाही.

पुढचं जुरीनं सांगितलेलं. जुरी आमच्या शाळेतली कामाठी, माडिया आदिवासी. स्वयंपाक, झाडलोट, लहान मुलींच्या उवा काढणं, सगळं तीच करायची. मला झटके आले, दातखीळ बसली. तिनं गावातल्या चार जणांना बोलावून बाजेला बांबू बांधले, मला डोंग्यातून नदीपार नेलं. वाटेतल्या दवाखान्यात सुया दिल्या, पण शुद्ध येईना, म्हणून जीपनं चंद्रपूर. जुरीनं चंद्रपूर आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं ते असं, ओल्या लुगड्यानं, माझं डोकं मांडीवर घेऊन.

कळलं तो दिवस

शुद्ध आली, पण काही दिवस शब्द आले नाहीत. समोरचा बोलतो ते सगळं समजायचं. उत्तर द्यायला गेलं की घशातून नुसता आवाज. मग एकेक शब्द यायला लागला. पाणी. पाय. उशी. नर्सबाई खूश झाल्या, मीही झाले.

यजमान दोन दिवस घरी जाऊन रेल्वेच्या छोट्या गाडीनं परत आले. खाटेजवळ बसून म्हणाले, “शकू, मी आलो.” मला विचारायचं होतं, जेवलात का, सुजाता कशी आहे. त्याऐवजी मी म्हणाले, “मी पण आलो. त्या दिवशी आलो. जुरी आला.”

ते हसले. मी थट्टा करते आहे असं त्यांना वाटलं. मीही हसून सुधारायला गेले आणि पुन्हा तेच आलं. तिसऱ्यांदा त्यांचं हसू थांबलं. मला आठवतं, त्यांनी हातातली टोपी खाटेवर ठेवली आणि डॉक्टरांना बोलवायला गेले.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी खिशातून, टेबलावरून वस्तू काढून समोर मांडल्या. पेला, वही, पुस्तक. म्हणाले, यातली प्रत्येक वस्तू लहान की मोठी ते सांगा. पहिलीतल्या मुलांना मी हेच शिकवत असे. मी म्हणाले, मोठा पेला. मोठा वही. मग थांबले. कानाला कळलं होतं. पुन्हा म्हणाले, मोठं वही. पुस्तकाला तर मी ‘मोठी’ म्हणाले, मग ‘मोठा’, आणि मग ते उलटं करून ठेवलं. वही ही वही आहे, तिच्यात लिहितात, तिचं कव्हर निळं आहे, सगळं मला माहीत होतं. ती ‘ती’ आहे हे मात्र जिभेला सापडत नव्हतं.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. ताप मेंदूत गेला होता, बोलण्याच्या जागेला धक्का बसला आहे, नावं परत येत आहेत, पण वाक्य बोलताना त्या नावांना जे तो-ती-ते आपोआप लागतं ते लागत नाही, असं त्यांनी सांगितलं. किती भरून येईल? ते म्हणाले, सांगता येत नाही. काहींचं सगळं येतं, काहींचं नाही.

निरोगी माणूस ‘वही’ म्हणण्याआधी तो, ती की ते असा विचार करत नाही. मीही कधी केला नव्हता. श्वासाचा जसा करत नाही. आता मला प्रत्येक शब्दाशी थांबून तिन्ही घालून बघावं लागे. आणि तिन्ही बरोबर वाटत किंवा तिन्ही चूक.

वॉर्ड

सकाळी झाडू, मग ताप मोजणं, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी. दुपारी नातेवाइकांची गर्दी. मी सगळ्यांकडे बघत पडून राहायची. बोलायची भीती वाटायची, म्हणून मी खोकल्याचं सोंग करायला शिकले.

शेजारच्या खाटेवर चामोर्शीकडची एक बंगाली बाई होती. त्या लोकांना सरकारनं तिकडे जमिनी देऊन वसवलं आहे. ती हिंदी-मराठी मिसळून बोलायची. “हामारा बेटी आएगा, भात लाएगा.” तिच्या बोलीत तो-ती-ते काही नसतंच, असं तिनंच एकदा सांगितलं. सगळा वॉर्ड तिच्याशी मजेत बोलायचा. दोघी एकसारख्याच चुकत होतो. तिची ती भाषा होती, माझा तो आजार होता. मी तोंड दुसरीकडे करून रडले, आणि ती बिचारी उठून माझ्या पायांना तेल लावत बसली.

जुरी अकरा दिवस राहिली. ती व्हरांड्यात झोपे, दिवसभर माझ्याजवळ. एकदा तिनं माडियात विचारलं, घरी कधी जायचं. मी सहज माडियात उत्तर दिलं. अडखळले नाही. कारण तिथे ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ यांत फरकच नाही, बाईनं म्हटलं काय आणि बाप्यानं म्हटलं काय, शब्द तोच. माझी माडिया तोडकीमोडकी, चार वर्षांत शिकलेली. पण त्या दिवशी आजारानंतर पहिल्यांदा मी स्वतःबद्दल एक वाक्य बिनचूक बोलले होते.

त्याच दुपारी मला सोमी आठवली. दुसरीतली माझी विद्यार्थिनी. त्यांच्या बोलीत बाप्ये एका बाजूला आणि बाया, जनावरं, भांडीकुंडी सगळी दुसऱ्या बाजूला. ती पोरगी मराठी बोलताना ‘बाई आला’ म्हणायची. मी तिला वर्गासमोर उभं करून दहा वेळा ‘बाई आली’ म्हणायला लावलं होतं आणि बाकीची मुलं हसली तेव्हा मी त्यांना थांबवलं नव्हतं. मी हे जुरीला सांगितलं. ती म्हणाली, “सोमी घरी जाऊन सांगितला होता. तिचा मायला वाईट वाटला.” एवढं बोलून ती पाणी आणायला गेली.

नागभीड

घरी आले ती भाताच्या लोंब्या भरत होत्या तेव्हा. रेल्वेच्या दोन खोल्या, मागे अंगण. सासूबाईंनी दारात पाणी ओवाळून टाकलं. मग माझ्या तोंडून पहिलं वाक्य आलं, “आई, मी थकलो.” त्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

मी युक्त्या शोधल्या. लाल, गरम, छान, खराब हे शब्द कुणाशीही चालतात, म्हणून प्रत्येक गोष्ट मी लाल, गरम, छान किंवा खराब म्हणू लागले. ‘मी जाईन, मी करीन’ यांत बाई-बाप्या दिसत नाही, म्हणून झालेल्या गोष्टीही होणाऱ्यासारख्या बोलायची. जेवण झाल्यावर ‘जेवीन’ म्हणायची, आणि सासूबाई पुन्हा वाढायला घ्यायच्या. शेवटी मी फार थोडं बोलू लागले.

वस्तीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. सूनबाईच्या अंगात कुणी बाप्या बोलून राह्यला. जंगलातून आली, काहीतरी घेऊन आली. आमच्या घरानं छप्पन्न सालानंतर बौद्ध झाल्यावर अंगारे-धुपारे सोडले होते. सासूबाईंनी स्वतःच्या हातानं देव्हारा रिकामा केला होता, हे त्या अभिमानानं सांगायच्या. पण त्या घाबरल्या. भीती वाटली की माणूस जुन्याच दाराशी जातो.

यजमान ड्यूटीवर असताना एका दुपारी त्या मला ‘वैद्याकडे’ म्हणून घेऊन निघाल्या. दोन कोस चाललो. तो वैद्य नव्हता, भगत होता. त्यानं मला मिरच्यांच्या धुरासमोर बसवलं आणि विचारलं, “कोन आहेस तू? बाई का माणूस?”

“बाई,” मी म्हणाले. हे मला म्हणता यायचं.

“कवा आली इथी?”

मला उत्तर माहीत होतं. आत्ताच, तुमच्यासमोर. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, खोकला थांबत नव्हता. शब्द निवडायला वेळ नव्हता. “आत्ताच आलो,” मी म्हणाले.

त्यानं लोकांकडे बघून मान हलवली आणि कडुनिंबाची फांदी उचलली. एक, दोन, तीन, चार. मी प्रत्येक फटक्याला ओरडत होते, ‘मी गेलो, मी मेलो’, आणि प्रत्येक शब्द त्याचं म्हणणं खरं करत होता. पाचव्याला सासूबाई मध्ये पडल्या. त्यांच्या हातावर वळ उठला. मला उठवून त्यांनी बाहेर ओढलं.

संध्याकाळी यजमानांनी माझी पाठ पाहिली. ते आईवर ओरडले नाहीत. ते ओट्यावर बसून राहिले, जेवले नाहीत. सासूबाईच म्हणाल्या, “मले भेव वाटलं रे. सून आपली राह्यली नाई असं वाटलं.” त्या रडत होत्या. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण मलाही हेच वाटत होतं. आपण आपल्या राहिलो नाही. तापानंच नेलं असतं तर बरं झालं असतं, असं मी त्या आठवड्यात रोज म्हणायची. मनातल्या मनात, कारण तिथे चूक होत नसे.

हजर होण्याची तारीख

रजा संपली. गडचिरोलीला एका साहेबांसमोर बसून मी वाचनमालेतला धडा वाचला, अडखळत वाचला. छापलेलं बघून मला येत होतं. साहेबांचा चेहरा खुलला. मग त्यांनी पुस्तक मिटवलं आणि म्हणाले, आता हाच धडा तुमच्या शब्दांत मुलांना सांगा. धड्यात एक म्हातारी होती आणि एक नदी होती. माझ्या तोंडी म्हातारी आला आणि नदी आटलं. साहेब सज्जन होते. ते खिडकीबाहेर बघत होते, मला लाज वाटू नये म्हणून. त्यांनी मला वर्ग देता येणार नाही असं सांगितलं. वसतिगृहाच्या कोठीचं काम देता येईल, तेही पुढच्या वर्षी, प्रकृती बघून. मी ‘हो’ म्हणाले. ‘हो’ला काही लागत नाही.

सुजाता

सगळ्यात जड हेच आहे, म्हणून शेवटी ठेवलं.

सुजाता माझ्याजवळ येईनाशी झाली होती. शाळेतून आली की दप्तर टाकून आजीच्या मागे. मला वाटलं, मुलगी लाजते, वर्गातली पोरं चिडवत असतील. चिडवत होतीच. पण गोष्ट वेगळी होती.

मी अंगणात तांदूळ निवडत होते. ती समोर येऊन उभी राहिली, वेणीचं टोक तोंडात. मी तिला म्हणाले, “आला का तू? भूक लागला?” मला कळलं, मी थांबले.

“आई,” ती म्हणाली, “तुले पोरगा पाहिजे होता का?”

मी सुपातून वर पाहिलं.

“आजी म्हणे, माह्या वेळी सगळ्यांले पोरगाच पाहिजे होता. म्हणून तू मले आला-गेला म्हणतेस. बिमारीत माणूस खरं बोलते.”

एका वाक्याचं काम होतं. ‘नाही गं, मला तूच हवी होतीस.’ माझ्या मनात ते स्वच्छ होतं, अक्षरन् अक्षर. मी सूप बाजूला ठेवलं, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, “मला तूच हवा होता.”

ती हात सोडवून आत गेली. मी मागून ओरडत राहिले, हवा, हवं, होता, होतं. सगळं आलं, फक्त पाहिजे ते आलं नाही. उठताना पायानं सूप उलटलं होतं, तांदूळ अंगणभर झाले होते. सासूबाई येऊन गोळा करू लागल्या आणि मी तिथेच मातीत कपाळ टेकून पडले. माझ्या आजाराचा सगळ्यात वाईट दिवस कोणता, असं कुणी विचारलं तर मी बाजेवरचा सांगत नाही, भगताचाही नाही. हा सांगते.

दुसऱ्या दिवसापासून मी ते एक वाक्य पाठ करायला घेतलं. यजमानांना सांगितलं, बाकी सगळं राहू द्या, एवढं एक मला शिकवा. ड्यूटीवरून आले की ते समोर बसायचे. ते म्हणायचे, मी म्हणायची. पहिले पंधरा दिवस दहातून नऊदा चुकायची. त्यांनी एकदाही कंटाळा केला नाही, पण एकदा उठून मागे गेले आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिले. सासूबाई भाकरी थापता थापता तव्याकडे बघून हळूच पुटपुटायच्या, ‘हवी होतीस, हवी होतीस.’ मला धीर यावा म्हणून.

थंडी सरत आली तेव्हा दहातून आठदा बरोबर येऊ लागलं. एका रविवारी सुजाता ओट्यावर बसून पाटीवर चित्र काढत होती. मी तिच्याशेजारी बसले. पाटीकडे बघत मी सावकाश म्हणाले, “सुजाता, मला तूच हवी होतीस.”

तिची पेन्सिल थांबली. तिनं वर पाहिलं नाही.

“हे पाठ करून बोलली ना तू?” ती म्हणाली. “मले माहीत आहे. बाबा रोज घेते तुह्याकडून.”

खोटं बोलायला मला शब्दही लागला नसता, नुसती मान हलवली तरी झालं असतं. पण मी म्हणाले, “हो.”

पाटीवर काय होतं ते तिनं हातानं पुसलं. मग माझ्याकडे न बघताच सरकली, तिचा खांदा माझ्या दंडाला लागला.

“अजून एकदा म्हण,” ती म्हणाली.